१९२८ साली परळच्या गिरणीचे मॅनेजर असाल तर कामगार कसे सांभाळाल?

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: एमएसडब्ल्यूच्या असाइनमेंटमध्ये तुम्हाला रोल दिलाय, साल १९२८, तुम्ही परळच्या एका कापड गिरणीचे मॅनेजर, कामगार संबंध कसे सांभाळाल ते लिहा. आणि तुमची शंका अशी की सरकार इंग्रजांचं, पोलीस सरकारचे, कायदा मालकाला सोयीचा, मग मॅनेजरला अडचण ती काय, दमदाटी केली की झालं काम.

मी नोकरीची सगळी वर्षं पर्सोनेलमध्ये काढली, आधी लेबर ऑफिसर मग मॅनेजर, ठाणे-बेलापूर पट्ट्यात. युनियनबरोबर करार केलेत, कन्सिलिएशन ऑफिसरच्या (मालक-कामगारांत तडजोड घडवणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याच्या) केबिनबाहेर बाकड्यावर दोन्ही पार्ट्या एकत्र बसून चहा प्यायलोय. त्या अनुभवावरून सांगतो, दमदाटीने संप मोडता येतो, पण खात्यात नेमकं काय बिनसलंय ते दमदाटीने कधीच कळत नाही. त्या मॅनेजरची खरी अडचण हीच होती. गिरणीत हजारो माणसं, आणि त्यातल्या एकाशीही त्याचं थेट बोलणं नाही. सरकार पाठीशी आहे म्हटल्यावर ते बोलणं सुरू करायची घाईही कोणाला वाटली नाही. तेव्हा तुमच्या असाइनमेंटचा प्रश्न "कामगारांना काबूत कसं ठेवायचं" असा धरू नका, "ऐकायचं कोणाकडून आणि बोलायचं कोणाशी" असा धरा, सगळं उत्तर त्यातून निघेल.

आता हे बरंचसं परिस्थितीवर अवलंबून आहे हे आधीच मान्य करतो. गिरणी कोणत्या ग्रुपची, मॅनेजिंग एजंट (मालकांच्या वतीने गिरणीचा कारभार बघणारी पेढी) कोण, मॅनेजरला किती अधिकार, नुसती सूतगिरणी आहे की विणकामही आहे, यावर खूप काही बदलतं. मजुरीचे मोठे निर्णय फोर्टातल्या एजंटच्या ऑफिसात आणि १८७५ पासून चालत आलेल्या मिलओनर्स असोसिएशनमध्ये व्हायचे, मॅनेजरला ते फक्त राबवायचे असायचे. म्हणून तुमच्या मॅनेजरला सर्वशक्तिमान समजून लिहू नका.

सरकारबद्दल तुमचा जो समज आहे तो निम्मा बरोबर आहे. पोलीस गेटवर मालकासाठी उभे राहायचे हे खरंच. पण मुंबईचे बहुतेक मालक पारशी, भाटिया, गुजराती, बगदादी ज्यू, आणि त्यांची स्पर्धा इंग्लंडमधल्या मँचेस्टरच्या गिरण्यांशी. सरकारला मँचेस्टरला दुखवायचं नव्हतं, म्हणून इथल्या कापडावर साडेतीन टक्के एक्साइज, म्हणजे उत्पादनावरचा कर, लावली होती. १८८१ च्या पहिल्या फॅक्टरी अ‍ॅक्टमागे मुलांच्या कामाची काळजी होती तसा लँकेशायरच्या, म्हणजे मँचेस्टरकडच्याच, गिरणीवाल्यांचा दबावही होता. १९२५ चं उदाहरण तर तुम्ही घ्याच. मालकांनी साडेअकरा टक्के पगारकपात जाहीर केली, कामगार सप्टेंबरात बाहेर पडले, आणि मालक म्हणत राहिले की एक्साइज काढा, आम्ही कपात मागे घेतो. डिसेंबरात सरकारने एक्साइज थांबवली, कपात रद्द झाली, गिरण्या सुरू झाल्या. म्हणजे कामगार अडीच महिने उपाशी राहिले आणि त्या उपाशी राहण्याचा जोर मालकांनी सरकारवर वापरला. याचा परिणाम मॅनेजरच्या दृष्टीने वाईट झाला, कारण सगळ्यांना सवय लागली की प्रश्न गिरणीत सुटत नाही, सेक्रेटरिएटात सुटतो.

मग गिरणीच्या आत काय चाललं होतं ते बघू, कारण खरा मामला तिथेच आहे. आत राज्य जॉबरचं. मुकादम म्हणा, जॉबर म्हणा, बायकांच्या खात्यात नायकीण. माणूस कामावर घेणार जॉबर, काढणार जॉबर, रजा देणार जॉबर, साचा (कापड विणायचा माग) बिघडला तर दुरुस्त करणारही तोच. पहाटे भोंग्याच्या आधी गेटवर बदली कामगारांची गर्दी जमायची, आज कोणाचा खाडा आहे, कोणाच्या जागी कोण आत जाणार हे जॉबर ठरवायचा, आणि त्यासाठी त्याला दस्तुरी, म्हणजे लाच, द्यावी लागायची. कायम झाल्यावरही द्यावी लागायची, कारण परवा परत बदलीत ढकललं तर? त्यात रत्नागिरीचा जॉबर आपल्या तालुक्यातली पोरं आणणार, साताऱ्याचा आपली, कित्येकदा खोलीही तोच बघून देणार, उधारीला वाण्याकडे शब्दही तोच टाकणार. मॅनेजरला हे फार सोयीचं वाटायचं, माणसं आयती मिळतात, डोकेदुखी नाही. पण याचा अर्थ असा की मॅनेजरला जे कळायचं ते जॉबरला जेवढं कळू द्यायचं तेवढंच. आणि कामगाराची निम्मी तक्रार तर जॉबरबद्दलच असायची, ती जॉबरमार्फत वर कशी जाणार? माझ्या नोकरीत कॉन्ट्रॅक्टरमार्फत आलेल्या माणसांबाबत मी हुबेहूब हेच पाहिलंय, ऑफिसला रिपोर्ट "सगळं ठीक आहे" आणि शॉपफ्लोअर धुमसतोय.

दुसरी गोष्ट दंडाची. विणकामात कापडाला डाग पडला, तार तुटून पट्टा आला की ते कापड साचेवाल्याच्या गळ्यात मारायचे आणि त्याची किंमत पगारातून कापायचे. आता विचार करा, सूतच कच्चं आलं असेल, साचा जुना असेल, भट्टीसारख्या गरम खात्यात सूत सारखं तुटत असेल, तरी भरपाई विणकराने करायची, आणि ते कापड त्याने नेऊन विकायचं कुठे? रक्कम छोटी दिसते पण या एका गोष्टीने जेवढा राग साठला तेवढा मजुरीच्या दरानेही साठला नसेल असं मला वाटतं, कारण दर सगळ्यांनाच कमी असतो, दंड मात्र एकट्याचा असतो आणि चारचौघांत होतो. हे थांबवायला १९३६ चा पेमेंट ऑफ वेजेस अ‍ॅक्ट यावा लागला, त्यात दंडाला रुपयामागे अर्धा आणा अशी कमाल मर्यादा घातली आणि पगार किती तारखेपर्यंत द्यायचा तेही बांधून दिलं. पगार वेळेवर द्या ही मागणी नारायण मेघाजी लोखंड्यांनी १८८४ सालीच साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांच्या अर्जात केली होती, रविवारची सुट्टी आणि दुपारची अर्धा तास विश्रांतीही त्यातच होती. रविवारची सुट्टी १८९० ला मिळाली, तीही मालकांनी स्वतः मान्य केली, कायदा त्यानंतर आला. पगाराच्या तारखेला मात्र पन्नास वर्षं लागली. हा फरक लक्षात ठेवा, सुट्टी देणं मॅनेजमेंटच्या हातात होतं आणि त्यांनी दिली, म्हणजे सगळं सरकारवर ढकलायची गरज नव्हती.

आता १९२८ वर येऊ. विणकराने दोनऐवजी तीन साचे सांभाळायचे, सूतखात्यात यंत्राच्या एका बाजूऐवजी दोन बाजू बघायच्या, अशी योजना काही गिरण्यांनी आणली. जपानी कापडाची स्पर्धा होती, खर्च कमी करणं गरजेचं होतं, हे मी नाकारत नाही, मॅनेजर म्हणून मलाही तोच आकडा वरून आला असता. पण कामगाराच्या बाजूने बघा: तीन साचे म्हणजे तिघांपैकी एकाची नोकरी जाणार, उरलेल्यांना थोडा जास्त पगार, आणि जास्त म्हणजे किती हे कोणी नीट समजावून सांगायचं नाही. शिवाय विणकराचा दर कापडाच्या वजनावर, आणि गिरणी जाड कापडाकडून बारीक कापडाकडे वळली की तेवढ्याच कष्टात वजन कमी भरतं, म्हणजे दराला हात न लावता पगार घटतो. हे विणकराला ताबडतोब कळतं, ऑफिसला कळायला वेळ लागतो.

एप्रिल १९२८ मध्ये संप पेटला तो ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत, जवळजवळ दीड लाख कामगार, दोन कोटींच्या वर कामाचे दिवस बुडाले. सहा महिने माणसं टिकली कशी? बरेच जण कोकणात, घाटावर आपापल्या गावी गेले, भातलावणी केली, बाकीच्यांना वाण्याने उधारी दिली, खाणावळवाल्या बायकांनी सांभाळून घेतलं. मालकांचा अंदाज होता की पोटावर आलं की माणूस गेटवर येईल, आणि गावचं घर त्या हिशोबात कोणी धरलंच नव्हतं. ज्या मॅनेजरला आपला कामगार कुठल्या गावचा, त्याची शेती किती, कर्ज किती हे माहीत नाही त्याने संप किती दिवस चालेल याचा अंदाज करूच नये.

याच संपात डॉ. आंबेडकरांनी एक प्रश्न लावून धरला तो तुमच्या असाइनमेंटमध्ये आलाच पाहिजे. दलित कामगार त्रासन खात्यात, म्हणजे सूत कातायच्या खात्यात चालायचे, पण जास्त पगाराच्या साचाखात्यात त्यांना येऊ देत नसत. कारण काय, तर धोट्यातली (मागात आडवा धागा नेणाऱ्या लाकडी साधनातली) सुताची कांडी संपली की नवीन कांडीचा धागा तोंडाने ओढून धोट्याच्या भोकातून बाहेर काढावा लागे, आणि एकाच्या तोंडाचा धोटा दुसऱ्याने कसा वापरायचा हा विटाळाचा प्रश्न. म्हणजे हजारो माणसांची बढती एका लाकडी धोट्याच्या भोकापाशी अडलेली. यावर मॅनेजमेंटचं उत्तर असायचं की आमची ना नाही, बाकीचे कामगारच ऐकत नाहीत. मला हे उत्तर पटत नाही. तोंड न लावता धागा ओढायची सोय करणं, साचे वेगळे लावून देणं, निदान शिकाऊ म्हणून जागा ठेवणं हे सगळं गिरणीच्या हातात होतं. आणि मालकाने हा प्रश्न सोडवला नाही म्हणून युनियन निर्दोष ठरत नाही, तिलाही हा प्रश्न हातात घ्यायला बाहेरून धक्का लागला.

संप मिटला तो सरकारने चौकशीसाठी फॉसेट कमिटी नेमायचं ठरवल्यावर. आणि पुढे जे झालं तो माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा भाग. त्या संपाच्या जोरावर गिरणी कामगार युनियन, लाल बावटावाली म्हणजे कम्युनिस्टांची, १९२८ च्या अखेरीस पन्नास हजारांवर सभासदांची झाली. गिरणीगिरणीत कमिट्या झाल्या, त्यात साच्यावर काम करणारी माणसं होती, अध्यक्ष आळवे स्वतः गिरणी कामगार. म्हणजे एवढ्या मोठ्या प्रमाणावर मॅनेजरसमोर असा कोणी उभा राहिला की जो खात्यातली तक्रार जॉबरला टाळून थेट आणतोय. ती माणसं आक्रमक होती, दर दोन दिवसांनी कुठल्यातरी खात्यात काम बंद, मॅनेजर वैतागला असणार, मीसुद्धा अशा कमिट्यांबरोबर काम केलंय आणि पहिलं वर्ष नेहमीच असं जातं. नवीन कमिटीला रोज काहीतरी मिळवून दाखवावं लागतं, आणि लोकांचा विश्वास बसला की मग तीच कमिटी नको ते काम बंद थांबवायलाही लागते.

पण तेवढा वेळ कोणी दिलाच नाही. २० मार्च १९२९ ला मीरत खटल्याची, म्हणजे कम्युनिस्ट आणि युनियन पुढाऱ्यांवरच्या कटाच्या खटल्याची, धरपकड झाली, डांगे, निंबकर, जोगळेकर, मिरजकर, घाटे, आळवे सगळे आत. त्याच एप्रिलमध्ये ट्रेड डिस्प्यूट्स अ‍ॅक्ट झाला, सहानुभूतीचा संप आणि सरकारवर दबाव आणायला केलेला संप बेकायदा. (भगतसिंग आणि बटुकेश्वर दत्तांनी ८ एप्रिलला असेंब्लीत बाँब टाकला तो याच बिलाच्या दिवशी.) मालकांना वाटलं सुटलो. आणि एप्रिलअखेरीस पुन्हा सार्वत्रिक संप, या वेळी बोलायला समोर अनुभवी माणूसच नाही, तरुण, संतापलेली दुसरी फळी. ज्यांच्याबरोबर सहा महिने भांडून तुम्ही एक समझोता केलात त्यांनाच उचलल्यावर तो समझोता खाली राबवणार कोण? संप हळूहळू मोडला, युनियनही मोडली, आणि मॅनेजर परत जॉबरच्या भरवशावर.

तुम्ही म्हणाल, सरकारच तसं असल्यावर दुसरं काय होणार. म्हणून अहमदाबाद बघा. तेच सरकार, तोच मुंबई इलाखा. १९१८ ला तिथेही संप झाला, गांधीजींचं उपोषण झालं, पण शेवटी प्रकरण लवादाकडे गेलं आणि आनंदशंकर ध्रुवांनी पस्तीस टक्के वाढ दिली. १९२० मध्ये कायमचा लवाद बसला, एक माणूस मजुरांचा, म्हणजे स्वतः गांधीजी, आणि एक मालकांचा, शेठ मंगलदास. अनसूयाबेन मजुरांच्या बाजूने आणि त्यांचे सख्खे भाऊ अंबालाल साराभाई मालकांच्या बाजूने, हे मुंबईत कुठून आणणार, आणि मालक-मजूर एकाच भाषेचे, एकाच शहरातले, हेही खरंय. तिथेही सगळं गोड नव्हतं, १९२३ ला पगारकपातीविरुद्धचा संप कामगार हरले. पण तक्रार घेऊन कोणाकडे जायचं हे दोन्ही बाजूंना माहीत होतं आणि तेही सरकारच्या बाहेर. म्हणून मी म्हणतो की परकीय सरकार असणं ही अडचण होती, सबब नव्हती.

आमच्या पेशाचा जन्मही याच गोंधळातून झाला. कामगारांच्या स्थितीची चौकशी करणाऱ्या व्हिटली कमिशनने १९३१ च्या अहवालात सांगितलं की माणसं घेण्या-काढण्याचा अधिकार जॉबरकडून काढा, लेबर ऑफिसर नेमा, आणि तो फक्त जनरल मॅनेजरला जबाबदार ठेवा. हे शेवटचं वाक्य ज्याने लिहिलं त्याला कारखाना कळत होता, कारण लेबर ऑफिसर प्रॉडक्शनच्या हाताखाली गेला की संपला. १९३४ च्या कायद्याने मुंबईत सरकारी लेबर ऑफिसर आला, १९३५ ला मालकांनी बदली कामगारांना कार्ड द्यायला सुरुवात केली. जॉबर लगेच गेला नाही, पण गेटवरची ती दस्तुरी थोडी तरी आटोक्यात आली.

आणि तुमच्या सरांनी "वसाहतकालीन सरकार" म्हणजे गोरे साहेब एवढंच गृहीत धरलं असेल तर १९३८ चा इंडस्ट्रियल डिस्प्यूट्स अ‍ॅक्ट जरूर मांडा. तो बाळासाहेब खेरांच्या काँग्रेस मंत्रिमंडळाने केला. आधी नोटीस, मग सक्तीचं कन्सिलिएशन, ते पूर्ण व्हायच्या आत संप केला तर शिक्षा. आंबेडकरांनी विधिमंडळात कडाडून विरोध केला, ७ नोव्हेंबर १९३८ ला एक दिवसाचा संप झाला, गोळीबारही झाला. मला कन्सिलिएशन आवडतं, माझं निम्मं आयुष्य त्यावर गेलंय, पण समोरच्याचा संपाचा हक्क बांधून ठेवून केलेली बोलणी मालकाला आळशी करतात हेही मी पाहिलंय. पुढे १९४६ चा बॉम्बे इंडस्ट्रियल रिलेशन्स अ‍ॅक्ट, त्यातली एका उद्योगात एकच प्रातिनिधिक युनियन, आणि १९८२ ला दत्ता सामंतांच्या मागे अडीच लाख गिरणी कामगार असूनही कायद्याने बोलणी मात्र दुसऱ्याच युनियनशी. "बोलायचं कोणाशी" हा प्रश्न इंग्रज गेल्यावरही तसाच राहिला, त्यात गिरणगाव गेलं.

बरं, आता तुमच्या रोलमध्ये मी काय केलं असतं? भरती स्वतःच्या ऑफिसात आणली असती, बदलीची यादी गेटवर लावली असती, नाव वर-खाली करायचा अधिकार जॉबरला नाही. जॉबरला त्याच्या तांत्रिक कामाचा पगार वाढवून दिला असता, कारण दस्तुरी बंद करायची आणि बदल्यात काहीच द्यायचं नाही असं केलं तर तोच पहिला संप घडवून आणेल. खराब कापड विणकराला देणं बंद, दोष साच्याचा की सुताचा की माणसाचा हे बघायला विणकरांपैकी एक जण सोबत. तीन साचे आणायचेच असतील तर आधी चांगल्या सुतावर एका लाइनवर, स्वखुशीने येतील त्यांच्यावर, आणि पगाराचा हिशोब मराठीत लिहून खात्यात लावून. कमी होणारी माणसं काढायची नाहीत, गावी जाणारे, निवृत्त होणारे यांच्या जागा भरायच्या नाहीत. त्याला दोनतीन वर्षं लागतात, एजंटला ते सांगायची हिंमत मॅनेजरने दाखवायला हवी. बायकांच्या वाइंडिंग (सूत गुंडाळायच्या) खात्यात नायकिणीला वगळून महिन्यातून एकदा स्वतः जाऊन बसायचं. आणि कमिटीला, ती लाल असो की मवाळ कामगार पुढारी ना. म. जोशींची, ठरलेल्या वारी ठरलेल्या वेळेला भेटायचं. १९२६ च्या ट्रेड युनियन अ‍ॅक्टमध्ये युनियनची नोंदणी होती पण मालकाने तिला मान्यता द्यायची सक्ती नव्हती. त्याचाच दुसरा अर्थ असा की मान्यता द्यायला मनाईही नव्हती.

लिहिताना प्रत्येक मुद्द्यापुढे हे मॅनेजरच्या हातातलं, हे एजंटच्या, हे सरकारच्या, असं स्पष्ट लिहा. पगारकपात, रुपयाचा दर, जपानी मालावरची जकात यातलं काहीच मॅनेजरच्या हातात नव्हतं, ते त्याच्या माथी मारू नका. आणि मुंबई सरकारचं लेबर ऑफिस १९२१ पासून दर महिन्याला लेबर गॅझेट काढायचं, त्यात महागाईचे आकडे आणि प्रत्येक संपाची कारणं आहेत. लायब्ररीत १९२८-२९ चे अंक मिळाले तर संपांच्या कारणांचा रकाना आधी वाचा, मजुरीच्या जोडीला माणूस कामावरून काढल्याची कारणं किती वेळा येतात ते स्वतः मोजा आणि मग जॉबरवरचा तुमचा परिच्छेद लिहायला घ्या.